‘त्याला काय कळतंय?’

बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातलं दिंद्रुड घ्या किंवा आसपासचं कुठलंही गाव. एखाद्याचं वागणं बिघडलं की पुढचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. आधी घरातल्या घरात झाकपाक. मग देवऋषी, अंगारा, उतारा. कुणी सांगतं, बुलढाण्याकडं सैलानीला नेऊन आणा. तेवढ्यानं भागलं नाही की गाडी ठरते आणि अंबाजोगाई, लातूर, नाहीतर थेट पुणं गाठलं जातं. या खटाटोपात चुलत्याला विचारतात, मामाला विचारतात, गाडीवाल्याला भाडं विचारतात. ज्याला न्यायचं त्याला मात्र कुणी विचारत नाही. का, म्हटलं तर उत्तर तयार असतं : “त्याला काय कळतंय?”

असं म्हणणारी माणसं दुष्ट नसतात. रात्ररात्र जागून, सोनं मोडून, भावकीची बोलणी खाऊन ती थकलेली असतात. पण २९ मे २०१८ पासून देशात लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात या उत्तराला जागा राहिलेली नाही. १९१२ चा ‘ल्युनसी ॲक्ट’ आणि नंतरचा १९८७ चा कायदा, दोन्हींचा भर रुग्णाला कुठं आणि कसं ठेवायचं यावर होता. २००७ मध्ये भारतानं अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार स्वीकारला आणि कायदा बदलणं भाग पडलं. नवा कायदा २०१७ साली संसदेनं मंजूर केला. त्याचा मसुदा घडवण्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्रातले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पठारे यांचा मोठा वाटा होता. म्हणजे कायद्याची थोडीफार घडण आपल्याच राज्यात झाली. आपल्या गावांपर्यंत तो अजून पुरता पोचलेला नाही, आणि तोवर जुने समज ठाण मांडून बसलेत.

गैरसमज : मानसिक आजार निघाला की माणसाच्या हो-नाहीला किंमत उरत नाही.

वस्तुस्थिती : कायद्याच्या चौथ्या कलमानुसार मानसिक आजार असलेल्या माणसालाही आपल्या उपचाराचा निर्णय घेता येतो, हेच आधी धरून चालायचं. आजाराचं नाव काय, यावर काही ठरत नाही. हा निर्णय, आज, त्याला घेता येतो का, एवढंच पाहायचं. त्यासाठी कायद्यानं तीन गोष्टी सांगितल्यात : दिलेली माहिती समजणं, निर्णयाचे परिणाम काय होतील याचा अंदाज येणं, किंवा आपला निर्णय बोलून, खुणेनं, कसाही सांगता येणं. माहिती त्याला कळेल अशा भाषेत, लागलं तर चित्रं काढून देण्याची जबाबदारी सांगणाऱ्याची. चिठ्ठीवर ‘बायपोलर’ असं लिहून “समजलं ना?” विचारणं म्हणजे माहिती देणं नव्हे. सोमवारी ज्याला काही उमजत नव्हतं, त्याला शुक्रवारी नीट उमजू शकतं. तेव्हा सोमवारचा शिक्का शुक्रवारी चालवायचा नसतो.

याच कलमातलं एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं. माणसाचा निर्णय इतरांना चुकीचा किंवा अयोग्य वाटतो, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं म्हणता येणार नाही. घरातल्या म्हाताऱ्यानं बीपीची गोळी टाळली तर आपण त्याला हट्टी म्हणतो, त्याचा निर्णय काढून घेत नाही. मग डोक्याच्या गोळीलाच वेगळा न्याय का?

जमिनीचंही इथंच सांगून टाकतो. डॉक्टरांच्या कागदावर आजाराचं नाव आलं म्हणून कुणी कायद्याच्या अर्थानं मनोविकल ठरत नाही. ते ठरवणं सक्षम न्यायालयाचं काम आहे, हे तिसऱ्या कलमात स्पष्ट आहे. आपल्याकडं वेडाचा शिक्का आणि वाटणीचा कागद कधीकधी एकाच हंगामात निघतात, म्हणून हे माहीत असलेलं बरं.

गैरसमज : गोळ्या नको म्हणतो, म्हणजे आजार बळावलाय.

वस्तुस्थिती : कधीकधी हे खरं असतं. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात ‘मला काही झालेलंच नाही’ असं वाटणं हा आजाराचाच भाग असू शकतो, आणि घरच्यांचे त्यात अतोनात हाल होतात. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक नकार त्या जातीचा नसतो. बीड जिल्ह्यात तर नकाराची कारणं शोधायला लांब जायला नको.

दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेऊन खर्चलेली, ती दोघांच्या अंगमेहनतीतून फेडायची. पहाटे अंधारात फडात उतरायचं. गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री मोळ्या भरायच्या. अशा माणसाला गुंगी आणणारी गोळी सुरू झाली आणि आठवड्यात तो म्हणाला, “दादा, ही खाल्ली की कोयता हातात धरवत नाही, मला नको,” तर त्यात न कळण्यासारखं काय आहे? हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधानं काहींचं अंग आखडतं, हात थरथरतात. ओलान्झापिननं वजन आणि रक्तातली साखर वाढू शकते. काही औषधांनी शरीरसंबंधाची इच्छाच मावळते, आणि ते कुणाजवळ बोलायची सोय नसते. मग माणूस “गोळी गरम पडते” एवढंच सांगतो आणि पाकीट फेकून देतो.

लिथियमची गोष्ट याहून गंभीर आहे. बायपोलर आजारावरचं हे जुनं आणि गुणकारी औषध. पण त्याचं रक्तातलं प्रमाण वरचेवर तपासावं लागतं, कारण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. घाम जाऊन अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की हे प्रमाण वाढतं. उलट्या, थरथर, तोल जाणं, आणि वेळेत लक्ष गेलं नाही तर जिवावर बेततं. मार्चच्या उन्हात दिवसभर ऊस तोडणाऱ्याला ही गोळी लिहून देताना कुणी हे सांगितलेलं असतं का? कोपीत राहणाऱ्यानं रक्त तपासायला जायचं कुठं? रोज मजुरी बुडवून जायचं का? असं विचारणारा रुग्ण डॉक्टरांच्या कामाचीच माहिती त्यांना देत असतो. कारण कळलं की वेळ बदलता येते, मात्रा बदलता येते, औषध बदलता येतं, काहींना महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन चालतं. कारणच विचारलं नाही तर दोन वाटा उरतात : जबरदस्ती आणि लपवाछपवी.

गैरसमज : सांगून घेत नसेल तर चहातून, भाजीतून दिलेली बरी.

वस्तुस्थिती : कायद्यात अशी सवलत कुठंही नाही. कायद्याला अपेक्षित असलेल्या संमतीत माणसाला उपचार काय, त्याचे धोके कोणते, फायदे कोणते, दुसरे पर्याय कोणते हे आधी सांगावं लागतं. चहातल्या गोळीत यातलं काहीच नसतं. व्यवहारातही हा उपाय घातक आहे. अर्धा कप चहा राहिला तर मात्रा किती गेली ते कुणालाच कळत नाही. उरलेला चहा घरातलं पोर पिऊ शकतं. अंग आखडू लागलं तर ते कशानं हे रुग्णाला ठाऊक नसतं, म्हणून तो डॉक्टरांना सांगूही शकत नाही. आणि एक विचित्र गोष्ट बघा. ‘घरचे माझ्या जेवणात काहीतरी कालवतात’ हा संशय या आजारांचं नेहमीचं लक्षण. त्याच्यावर उपाय म्हणून घरच्यांनी खरंच जेवणात काहीतरी कालवायचं. ज्या दिवशी हे उघडं पडतं, त्या दिवसापासून तो घरच्यांवर आणि डॉक्टरांवर कशाच्या जोरावर विश्वास ठेवणार?

गैरसमज : फॉर्मवर सही-अंगठा झाला की संमती झाली.

वस्तुस्थिती : बीड जिल्ह्यानं तरी असं म्हणू नये. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. या शस्त्रक्रिया फॉर्मवर सही-अंगठा घेऊनच होतात. पण ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ अशी भीती दाखवल्याचं कितीतरी बायकांनी सांगितलं होतं. पाळीत काम बुडालं की मजुरी बुडते, ही भीती वेगळी. भीतीपोटी उमटलेला अंगठा हा होकार म्हणायचा का?

याच्या आधीचं एक प्रकरण तर संमतीच्या मुळाशी जातं. १९९४ साली पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी निवासी शाळेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण देण्यात आलं. मुलींना विचारण्याचा प्रश्न व्यवस्थेपुढं आलाच नव्हता. स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी आवाज उठवला आणि त्यावर देशभर वाद झाला. मतिमंदत्व २०१७ च्या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत येत नाही, ही गोष्ट वेगळी ठेवू. पण मानसिक आजारावरचा उपचार म्हणून बाईची किंवा पुरुषाची नसबंदी करायला या कायद्यानं पूर्ण बंदी घातली आहे.

गैरसमज : भावानं सही करून दाखल केलं, आता दवाखाना बघून घेईल.

वस्तुस्थिती : दाखल होण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे रुग्ण स्वतः, स्वतःच्या इच्छेनं दाखल होणं. अशा रुग्णावर त्याच्या संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत, आणि त्याला घरी जायचं असेल तर भावाच्या सहीची गरज नसते. प्रकृतीची तपासणी आवश्यक वाटली तर मानसोपचारतज्ज्ञ त्याला जास्तीत जास्त २४ तास थांबवू शकतात.

माणूस स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याच्या बेतात असेल, किंवा स्वतःची काळजी घेणं त्याला अजिबात जमत नसेल, तरच दुसरा मार्ग उघडतो. त्यात नामनिर्देशित प्रतिनिधी अर्ज करतो. हा प्रतिनिधी कोण, हे रुग्णानं आधी स्वतः ठरवून ठेवता येतं. ठरवलं नसेल तरच नातेवाईक, मग काळजी घेणारी व्यक्ती असा क्रम लागतो. थोरला भाऊ म्हणून आपोआप हक्क मिळत नाही. अर्ज आला तरी दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, बाकीच्यांच्या बाबतीत सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. निर्णयाला जवळजवळ पूर्ण आधार लागत असेल तेव्हाच प्रतिनिधी तात्पुरती संमती देऊ शकतो, आणि रुग्णाची क्षमता दर सात दिवसांनी पुन्हा तपासावी लागते.

एवढी बंधनं का घातली, ते ठाण्याच्या एका प्रकरणावरून कळेल. घरी जाण्याजोगी असूनही एक महिला वर्षानुवर्षं तिथल्या मनोरुग्णालयात राहिली. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि पुनर्विलोकन मंडळं नीट का चालत नाहीत, याचा जाब न्यायालयानं राज्य सरकारला विचारला.

या बंधनांवरही समाधान न मानणारे आहेत. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दवर यांची भूमिका अशी होती, की इच्छेविरुद्ध दाखल करण्याची कुठलीही तरतूद संयुक्त राष्ट्रांच्या कराराशी विसंगत आहे. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटत नाही. ज्या गावात रात्री दोन वाजता मदतीला कुणी येत नाही, तिथं असा मार्ग बंद झाला तर हाती दोरीच उरेल. मात्र हा मार्ग अपवादाचा आहे आणि घरच्यांच्या सोयीसाठी तो वापरला जातो, हा त्यांचा इशारा खराच आहे.

गैरसमज : शॉक द्यायला आता बंदी आहे.

वस्तुस्थिती : भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता शॉक द्यायला बंदी आहे. भूल देऊन, संमती घेऊन दिलेली विद्युत उपचारपद्धती कायदेशीर आहे, आणि तीव्र नैराश्यात ती चांगली लागू पडते. अल्पवयीन मुलांना पालकांच्या संमतीशिवाय आणि मंडळाच्या पूर्वपरवानगीशिवाय ती देता येत नाही. तातडीचा उपाय म्हणून तर कुणालाच देता येत नाही.

गैरसमज : अंगावर धावून येतो, म्हणून बांधून ठेवलंय. घरातलं प्रकरण आहे.

वस्तुस्थिती : ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी इथं आग लागली. तिथल्या आश्रमात साखळदंडानं बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. त्यांना पळता आलं नाही. आजच्या कायद्यानं मानसिक रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळी घालायला मनाई आहे. दवाखान्यातही एकांतात कोंडता येत नाही. शरीरानं जखडायचं तर तत्काळ होणारी इजा टाळायला दुसरा इलाजच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं आणि तेवढ्यापुरतंच. भूत उतरवायच्या नावाखाली दोरीनं-साखळीनं बांधणं, काठीनं मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

मग धावून आला तर करायचं काय? जिवाला धोका असेल, कुणाला गंभीर इजा होण्याची भीती असेल, तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचा उपचार करू शकतो. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. ही मुभा ७२ तासांची. तेवढ्यात रुग्णाला मानसिक उपचारांच्या ठिकाणी पोचवायचं. रस्त्यावर भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा रुग्ण दिसला तर त्याला लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी दवाखान्यात नेणं हे ठाणे अंमलदाराचं काम आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. दिंद्रुडला स्वतःचं पोलीस ठाणं आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. घरात कुणाला कोंडून, उपाशी ठेवून छळलं जातंय असं कळलं, तरी पोलिसांनी ते न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. म्हणजे ते घरातलं प्रकरण राहत नाही.

गैरसमज : असले हक्क दिले तर कुणी उपचारच घेणार नाही.

वस्तुस्थिती : उपचार नाकारण्याच्या हक्काबरोबर याच कायद्यात परवडणारे, जवळ मिळणारे उपचार मागण्याचाही हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्यांना आणि निराधारांना ते मोफत मिळायला हवेत. पण नकाशा उघडून बघा. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. चारांतलं एकही मराठवाड्यात नाही. दिंद्रुडहून येरवडा अडीचशे किलोमीटरपेक्षा लांब. जिल्ह्यात अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. तरी एका फेरीत दोन माणसांची मजुरी आणि गाडीभाडं जातं. दर महिन्याला हे परवडत नाही म्हणून ज्याच्या गोळ्या सुटल्या, त्यानं उपचार नाकारले असं आपण म्हणतो. माझ्या मते तो नकार त्याचा नाही, व्यवस्थेचा आहे. ज्याच्यासमोर देवऋषी आणि तीनशे किलोमीटरवरचा वॉर्ड एवढेच पर्याय ठेवलेत, त्याच्या होकारालाही मग फारसा अर्थ राहत नाही.

गैरसमज : बरा असताना आधीच काही ठरवून ठेवता येत नाही.

वस्तुस्थिती : येतं. कायद्यानं यासाठी पूर्वनिर्देशाची सोय केली आहे. कुठल्याही सज्ञान माणसाला, आधी आजार झालेला असो वा नसो, लिहून ठेवता येतं की पुढं माझी निर्णयक्षमता गेली तर मला कसे उपचार द्यावेत, कसे देऊ नयेत आणि माझा प्रतिनिधी कोण. ‘अमुक इंजेक्शननं माझं अंग आखडतं, ते देऊ नका.’ ‘मला बांधून गाडीत घालू नका, माझ्या बहिणीला बोलवा, तिचं मी ऐकतो.’ एवढंही पुरे. दोन साक्षीदारांच्या आणि प्रतिनिधीच्या सह्या घेऊन मंडळाकडं त्याची नोंद करायची असते, त्याला शुल्क नाही. तातडीच्या उपचारांना हा निर्देश लागू होत नाही. डॉक्टरांना किंवा घरच्यांना तो पाळायचा नसेल तर त्यांना मंडळाकडं अर्ज करावा लागतो. परस्पर बाजूला ठेवता येत नाही.

गैरसमज : आत्महत्येचा प्रयत्न केला तर पोलीस केस होते, म्हणून औषध चुकून पोटात गेलं असं सांगावं.

वस्तुस्थिती : असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं २०१७ चा कायदा गृहीत धरतो, आणि त्याची काळजी घेण्याची, त्याला पुन्हा उभं करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. खोटं सांगितलं की पोट धुऊन माणूस घरी येतो आणि त्याच्याशी बोलायचं राहून जातं. शेतकरी आत्महत्यांच्या या जिल्ह्यात ते फार महागात पडतं.

आता काही कामाच्या गोष्टी. ‘टेलि-मानस’ ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथं मराठीत बोलता येतं. दवाखान्यातली स्वतःची कागदपत्रं मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. जबरदस्ती झाली, माहिती दिली नाही, विनाकारण अडकवून ठेवलं, तर रुग्णाला स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत पुनर्विलोकन मंडळाकडं अर्ज करता येतो. या कायद्यानं दिलेले हक्क मिळवण्यासाठी वकील मोफत मिळतो. त्यासाठी माजलगावच्या न्यायालयातली तालुका विधी सेवा समिती किंवा बीडचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठावं. मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर तीस दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. आपल्याला त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही, खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे.